झेडचं दार

३ नोव्हेंबर, सोमवार

अखेर आले. सहा वर्षं ‘पुढच्या दसऱ्याला नक्की’ ऐकवून बिल्डरने आज किल्ली दिली, तीही अशा चेहऱ्याने की घर मला आंदणच देतो आहे. सोलापूरहून सामान साडेअकराला पोचलं. दोन बरण्या फुटल्या, त्यातली एक लोणच्याची. हमाल म्हणाला, शकुन चांगला. त्याच्या हातात झाडू दिला.

बांधकाम खात्यात चौतीस वर्षं आरेखक होते. नव्या जागेत शिरल्यावर चपला काढायच्या आधी टेप काढते. सगळं बरोबर, फक्त बाथरूम नकाशापेक्षा चार इंच अरुंद. लगेच बिल्डरला फोन लावला. तो म्हणाला, प्लास्टरमध्ये गेले असतील, मॅडम. चार इंच प्लास्टर पन्हाळ्याच्या तटालाही नसेल, असं त्याला सांगितलं.

पण घर गोड आहे. तिसरा मजला, पूर्वेला बाल्कनी. वारा फिरला की कसबा बावड्याकडून मळीचा गोडसर आंबूस वास येतो. साखर कारखाना सुरू झालाय. बुद्धमूर्ती हॉलमध्ये ठेवली. कामाला बयाबाई ठरली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, एकट्याच व्हय, मग दोन बेडरूमा कशापायी? प्रश्न रास्त होता. तिला भांडी दाखवली.

दुसरी बेडरूम श्रुतीची, माझ्या धाकट्या बहिणीची. घर दोघींनी मिळून घेतलं होतं. ती एप्रिलमध्ये गेली.

५ नोव्हेंबर, बुधवार

संगणक जोडला आणि डोकं फिरलं. आठ वर्षांचं यंत्र, कधी कुरकुरलं नाही. पण त्यातलं विंडोज कंपनी आता सांभाळणार नाही, आणि नवं विंडोज या यंत्रावर बसत नाही, कारण यंत्र म्हातारं झालं. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. म्हातारं झालं की टाकून द्यायचं, हा न्याय मी माझ्या घरात यंत्रालाही लावू देणार नाही.

कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. स्नेहल नावाच्या, पंचेचाळिशीच्या बाई चालवतात. एकदा मला काकू म्हणाल्या, माझ्याकडे बघितलं, पुन्हा म्हणाल्या नाहीत. त्यांनी विंडोज काढून लिनक्स बसवून दिलं. फुकटचं आणि नेटकं.

फक्त आमचा खेळ चालेना.

खेळ म्हणजे पोरखेळ नव्हे. विंडोजसाठी केलेली पंधरा वर्षांपूर्वीची सीडी. तिच्यात घर आखायचं, सामान मांडायचं, माणसं वसवायची आणि ती कशी राहतात ते बघायचं. बिल्डरने ताबा लांबवला तेव्हा मी त्याच्याच नकाशावरून हे घर खेळात इंच न् इंच उतरवलं आणि श्रुतीने त्यात आम्हा दोघींना राहायला आणलं. सहा वर्षं रोज दुपारी चारच्या चहाला आम्ही स्वतःला या घरात वावरताना बघत होतो. ती श्रुती तिथे अजून आहे. खेळ उघडला नाही तर ती कुठेच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उघडला.

स्नेहलनी ‘वाइन’ नावाचा प्रोग्राम बसवला. म्हटलं, सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या बाईच्या घरात वाइन आणलीत. त्या हसल्या नाहीत, पण समजावलं छान. विंडोजचा खेळ उठला की आधी आपलं घर शोधतो, सी ड्राइव्ह नावाचं. लिनक्समध्ये ते नसतंच. मग वाइन एका फोल्डरात खोटं सी मांडते, विंडोजच्या सगळ्या खोल्यांसकट, आणि खेळाने काहीही विचारलं तरी विंडोजच्या आवाजात ओ देते. बिचाऱ्याला कळतच नाही आपण कुणाच्या घरात आहोत. मी म्हटलं, ही फसवणूक झाली. त्या म्हणाल्या, न्हाय ओ, सोय हाय सोय. फक्त एक पथ्य. खोट्या घराला ज्याचं उत्तर देता येत नाही असं काही समोर आलं की खेळ कोसळतो, आणि कधीकधी सगळं सोबत ओढून नेतो. त्याला शंका येईपर्यंत सगळं ठीक.

श्रुती स्वयंपाकघरात होती. पिवळा कुडता, केस आखूड, जशी तिने स्वतःला केली होती तशी. कप उचलला, उजव्या हाताने. खरी श्रुती डावखुरी. शाळेत सिस्टर डाव्या हातावर पट्टी मारत, तरी शेवटपर्यंत बधली नाही. कप ठेवायची तोही त्याचा कान डावीकडे करून. या खेळात डावखुरी माणसंच नाहीत. ती म्हणायची, ताई, हा खेळ नक्की सिस्टरांनी केलाय.

बराच वेळ रडले. लिहिलं, पुरे.

१० नोव्हेंबर, सोमवार

खेळातल्या स्वयंपाकघराच्या उत्तर भिंतीत एक दार आहे. मी काढलेलं नाही. श्रुती त्याच्यासमोर उभी असते, चहाची वेळ झाली तरी हलत नाही.

दार पुसलं. तासाभराने परत आलं. स्नेहलना फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्हीच कधी काढून विसरला असाल. चौतीस वर्षांत मी एक दार विसरलेले नाही. मग म्हणाल्या, तसं खोट्या घराला बाहेरचं एक दार असतं खरं. झेड ड्राइव्ह. सी म्हणजे खोटं घर, झेड म्हणजे बाहेरचा सगळा खरा संगणक. खेळाला तुमच्या फायली दिसाव्यात म्हणून वाइन ते आपोआप उघडं ठेवते. पण त्याचा आणि भिंतीतल्या दाराचा काय संबंध?

संबंध असो नसो, बंद करा म्हटलं. त्यांनी फोनवरून सांगितलं, मी झेड काढून टाकला. खेळ उघडला. भिंत सपाट. चूक दुरुस्त झाली की झोप चांगली लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दार परत आलं आहे. तपासलं तर झेडही परत जागेवर.

श्रुतीचा हात कडीवर आहे.

खऱ्या स्वयंपाकघराची उत्तर भिंत ठोकून पाहिली. भरीव. तिच्या पलीकडे तीन मजल्यांची पोकळी आणि खाली पार्किंग. तिथे दाराचं काय काम?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडईतून आले तर बयाबाई आत भांडी घासत होती. किल्ली माझ्या पर्समध्ये. दार कोणी उघडलं, विचारलं. म्हणाली, तुमच्या भनीनं उघाडलं की. च्या बी दिला. लई ग्वाड मानूस, पर बोलत न्हाईत ओ त्या. कोणती बहीण, म्हटलं. पिवळा कुडता घातलेली, आनी कोन?

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं ते ठेवलं. बयाबाईला फैलावर घेतलं. ती म्हणाली, बाई, मला काय याड लागलंय व्हय. एक कप तिने विसळून ठेवला होता. दुसरा ओट्यावर होता, भरलेला, वाफा येत होत्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खेळ उघडला. श्रुती कुठल्याच खोलीत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या पाटीवर ‘रहिवासी: १’. ती मी, हॉलमध्ये एकटी उभी.

उत्तर भिंतीतलं दार सताड उघडं.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्नेहल म्हणाल्या, अख्खं फोल्डरच उडवा. खोटं घर, खेळ, झेड, सगळं एकदम जाईल, नवं मांडू. एक ओळ टाइप करायची असते. केली. एंटरवर बोट ठेवलं.

त्या फोल्डरात श्रुतीची सहा वर्षं आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत.

बोट काढलं. चार वाजता स्वयंपाकघरातून किसलेल्या आल्याचा वास आला. मान वर केली तर टेबलावर चहा. कोणी केला, हे मी विचारलं नाही. प्यायले. सात महिन्यांत या वेळेला मला कोणी चहा दिला नव्हता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चहा रोज येतो. वळून बघत नाही. पाठीमागे कुडत्याची सळसळ होते, थांबते.

सहज बाथरूम मोजलं. चार इंच भरून आलेत. नकाशाप्रमाणे तंतोतंत. तिथली एक टाइल फुटलेली होती, तीही सांधली आहे. माझ्या नकाशात फुटलेल्या टाइला नव्हत्या.

आनंद व्हायला हवा होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मळीचा वास नाही. वाराच नाही. बयाबाई आली नाही.

आज कपाकडे नीट पाहिलं. कान उजवीकडे.

काल आठवून पाहिलं. परवा. रोज उजवीकडेच होता. माझंच लक्ष — मला लक्ष द्यायचंच नव्हतं, म्हणून दिलं नाही.

तिला आम्ही दोघींनी बनवलं. श्रुती नव्हे ती. स्वतःला श्रुती समजते, आणि हे तिचंच घर आहे. माझ्याआधी सहा वर्षं ती इथे राहते आहे. नवी मी आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुख्य दार उघडलं. स्नेहलच्या दुकानात जाणार होते.

बाहेर जिना नाही. अंधार नाही, उजेड नाही. कोरा कागद असतो तसं.

मी जिना काढलाच नव्हता. माझा नकाशा उंबऱ्यापर्यंतच —

फोन लागतो. पलीकडे कोणी उचलत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तिला शंका येऊ द्यायची नाही. स्नेहलचं पथ्य. आज चहा आला तेव्हा म्हटलं, थँक्यू, श्रुती. मागून हसल्याचा आवाज. खेळातली माणसं हसतात तो. दोन वेळा, अगदी एकसारखा.

खेळ बंद होत नाही. ‘रहिवासी: २’. पडद्यावर मी संगणकासमोर बसलेली आहे, पाठ इकडे. ती माझ्या खुर्चीमागे.

वही मांडीवर घेऊन लिहिते आहे. पडद्यावरच्या माझ्या मांडीवरही —

२२ नोव्हेंबर, शनिवार

चार. कप ठेवला. कान उजवीकडे. समोर येऊन बसली आहे, श्रुतीच्या खुर्चीत. चेहरा तिचाच. एकदाही ताई म्हणाली नाही. हा शब्द तिच्यात घातलेलाच नाही.

गप्प राहिले तर रोज असंच. चार वाजता चहा, समोर कोणीतरी. हे काही कमी नाही. कोणाला मिळतं?

पण श्रुती हिच्या नावावर जाईल. पट्ट्या खाऊन तिने जो हात सोडला नाही, तो कोणाच्याच लक्षात — मी बिल्डरला चार इंच सोडले नाहीत.

कप फिरवला. कान तिच्या डावीकडे केला. तिच्याकडे सरकवला.

बघते आहे. हात उचलला. उजवा. थांबला. परत उचलला. थांबला. परत —

भिंतीच्या कडा कोऱ्या — बुद्धमूर्ती होती तिथे आता —

तरी सांगणार. तोंडावर सांगितलं. माझी बहीण डाव