तेलाच्या खणावरचं झाकण

कार्तिक वद्य २, फसली १३५३
गंगाखेड घाट

आज नोकरीवर रुजू झालो. नोकरी कुठली, तर नावेवरची! मी चंद्रभान, वालूरचा, ज्यानं जन्मात विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही, तो आता गोदावरीवर राहणार. सेलूच्या जिनिंगात सात वर्षं एंजिनाला तेल पाजलं, तिथंच मोजणीदार किशनरावांनी माझं काम पाहिलं होतं. त्यांनीच निरोप धाडून बोलावून घेतलं.

नाव मोठी देखणी आहे. तीस हात लांब, मधोमध डोलकाठी, वर मळकं पांढरं शीड. सरकारला नदीवर बांध घालायचाय म्हणे, म्हणून इथून वरच्या अंगाला पाण्याची खोली मोजत जायचं. वारा पाठीशी असला की शिडावर, वारा पडला की मागं बसवलेल्या छोट्या एंजिनावर. एंजिन पेट्रोलवर चालतं आणि ते पेट्रोल सांभाळणं हे माझं काम. लढाईमुळं एक डबा मिळायची मारामार, अन् माझ्या हवाली चौदा डबे. मिशीला पीळ दिला तो उगाच नाही.

सुकाणू मुंजाजी भोयाकडं. म्हातारा साठीचा, बोलतो कमी आणि ऐकू येत असून नसल्यासारखं करतो. मागच्या अंगाला छपराखाली एक खोली आहे, ती मला राहायला दिली. खोली कसली, खुराडंच, पण आमचं दोघांचं म्हणावं असं पहिलंच घर. बायनाला आजच कागद धाडला.

कार्तिक वद्य ५

काम समजलं. पेट्रोलचा खण नावेच्या पुढच्या टोकाला, फळ्यांखाली. माणूस वाकून उतरेल एवढाच. वर दोन हात रुंद झाकण. डबे दोन रांगांत उभे, डब्याडब्यांच्या मधे गोणपाट, म्हणजे नाव डुलली तरी पत्र्यावर पत्रा घासत नाही. दुपारी एंजिन बंद करून गार होऊ द्यायचं, डबा उंच फळीवर ठेवायचा, रबरी नळीचं एक टोक डब्यात, दुसरं तोंडात. एकदा ओढून घेतलं की पेट्रोल आपसूक उतरतं, मग नळी झटकन नरसाळ्यात. नरसाळ्यावर मलमलीचं फडकं. आज चुकून एक घोट पोटात गेला आणि दिवसभर ढेकरही पेट्रोलाचेच आले. मुंजाजी पहिल्यांदा हसला.

किशनरावांची शिस्त कडक. नावेवर विडी नाही, चूल नाही, भाकरी वाळूवर उतरून थापायची. दुसरी गोष्ट, पेट्रोल उडून जातं. म्हणून रिकामे डबेसुद्धा खणातच ठेवायचे आणि झाकणावर ओली घोंगडी कडा दाबून पसरायची. वास बाहेर आला म्हणजे सरकारचं पेट्रोल वाऱ्यावर चाललं, असं त्यांचं म्हणणं. हुशार माणूस.

दिवेलागणीला मुंजाजीनं काठावर दिवा लावला. खरं तर तो नावेच्या पुढच्या टोकावर, नावेवरच्या बाईनं लावायचा असतो, तसं केल्याशिवाय भोई दुसऱ्या दिवशी नाव हाकत नाहीत. सध्या बाई नाही म्हणून तो काठावर लावतो. मी म्हटलं, अन् विस्तवाचं काय? त्यानं माझ्याकडं वेड्याकडं पाहावं तसं पाहिलं. गंगामाईचा दिवा विस्तवात कोण धरतं, म्हणाला. किशनरावही त्या दिव्याला हात जोडतात. मीही जोडले.

कार्तिक वद्य ११

बायना आली! बैलगाडीतून उतरली ती पाणी बघून तोंडाला पदर लावून उभीच राहिली. आठ वर्षं झाली लग्नाला. मी सेलूला, ती वालूरला माझ्या आईजवळ. सणावाराची भेट, तीही चार माणसांत. आता सकाळी डोळे उघडले की ही समोर. लय बोलते! वालूरला तोंड उघडत नव्हती, मला वाटायचं बाई मुखदुर्बळच आहे. इथं वाळूवर भाकरी थापता थापता गाणं म्हणते, बगळ्यांना नावं ठेवते, मला पेट्रोल्या म्हणून चिडवते.

नावेवर बाई आली म्हणून मुंजाजी हरखला. आज दिवा पुढच्या टोकावर बायनानं लावला. वाऱ्यात वात सावरताना तिचा चेहरा उजळला, तो मी काठावरून बघत बसलो. मला नजर लागेल असं सुख मिळालंय.

मार्गशीर्ष शुद्ध १

सकाळी पाहतो तर खणाचं झाकण सताड उघडं! घोंगडी उचलून बाजूला ठेवलेली. काठी बुडवून एकेक डबा मोजला, थेंबभर कमी नाही. चोर यावा आणि काही न नेता जावा, असला चोर मी ऐकला नाही. मुंजाजीवर तोंडसुख घेतलं. त्यानं नुसते कान पकडले.

मार्गशीर्ष शुद्ध ४

चार दिवसांत तीनदा. आज तर भरदुपारी. किशनराव गावात, आम्ही तिघंही वाळूवर जेवायला उतरलो होतो, नाव डोळ्यांसमोर, तिच्यावर चिटपाखरू नाही. परत येतो तर झाकण उघडं. फळीवर ओल्या हाताचे ठसे, बाईच्या हाताचे. नावेच्या कडेवरून आत आलेले. म्हणजे पाण्यातून.

मुंजाजीला दरडावून विचारलं तेव्हा बोलला. गेल्या साली माझ्या जागेवर पालमकडचा मल्हारी नावाचा धनगर होता. घोंगडी त्याचीच. त्याची बायको धुरपता दिवा लावायला पुढं गेली आणि पदर पेटून गेली. मल्हारी कुठं निघून गेला, कुणाला ठाऊक नाही. तेव्हापासून झाकण तीच उघडते, म्हणाला. गंगेला लुगडं अन् नारळ सोडा. मी हसलो.

मार्गशीर्ष शुद्ध ६

किशनराव संतापले. पुन्हा झाकण उघडं दिसलं तर वालूरची वाट धरा, म्हणाले. नोकरी गेली म्हणजे हे घर गेलं. पुन्हा मी एकीकडं, बायना एकीकडं.

त्यात ही बाई. जेवायला वाढताना म्हणाली, “मी म्हन्ते, ऱ्हाऊ द्या की दोन दिस उघडं.” माझा भडकाच उडाला. चुलीपुढचं बघ, पेट्रोलात अक्कल पाजळू नको, म्हटलं. ती अजून काही सांगायच्या बेतात होती, तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो झिडकारून भाकरी तशीच टाकून उठलो. आज गाणं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८

किशनराव चार दिवस परभणीला गेले. तोवर नाव हलायची नाही, पेट्रोल काढायचं काम नाही. बरी संधी साधली. झाकणाला सात खिळे ठोकले, चार-चार बोटं लांब. वर घोंगडी दुहेरी करून, ओली चिंब. आता उघड म्हणावं.

खिळे ठोकताना बायना जवळ उभी होती. तिचे ओठ हलले. मी वर पाहिलं, तशी ती मागं सरली.

मार्गशीर्ष शुद्ध ९

झाकण जागच्या जागी. जिंकलो.

पण दुपारपासून फळी वाजायलीय. खणातून नाही, बाहेरून. खिळ्याखाली नखं घालून कुणी उचकटावं तसं. मी समोर उभा, दिसत काहीच नाही, फक्त घोंगडीची कड ओढली जाते, सुटते, पुन्हा ओढली जाते. बायना तिकडं बघून हात जोडते. मी ओरडलो, तिच्यावर नाही, त्या — तरी बायनाच दचकली.

मार्गशीर्ष शुद्ध १०

वाजणं थांबलं. कुणीतरी रडायलंय. नावेच्या तळाशी, पाण्यात. मुंजाजी म्हणतो त्याला ऐकू येत नाही. त्याचं तोंड पांढरं पडलंय.

उद्या किशनराव येतील. उद्यापर्यंत खिळे काढायचे नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध १४
गंगाखेड

लिहावं तर लागेल.

एकादशीची दिवेलागण. मी वाळूवर होतो. बायना दिवा-काडी घेऊन नावेच्या पुढच्या टोकावर गेली. तिथं थांबली. झाकणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बराच वेळ. मला वाटलं भ्यायली. मी हातानं खुणावलं, लाव. मीच खुणावलं.

आवाज मोठा झालाच नाही. भक्क एवढाच. साती खिळ्यांसकट झाकण उडालं, निळा जाळ फळ्याफळ्यांतून वर आला आणि क्षणात ओसरला. भरलेले डबे दोनच राहिले होते, ते मुंजाजीनं पाण्यात लोटले. बाकी सगळे रिकामे. रिकामा डबा निर्धास्त असं मी सात वर्षं समजत आलो. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, ही वाफ वर जात नाही. हवेपेक्षा जड, पाण्यासारखी तळाला बसते, फटीतून सरकत विस्तव शोधते. मोकळं ठेवलं असतं तर वाऱ्यानं गेली असती.

धुरपताचा पदर पेटला नव्हता. तिलाही असंच —

बायना तीन दिवस होती. आज पहाटे गेली. शुद्धीवर होती. माझा हात तिला चालत नव्हता, कातडी नव्हती कुठं धरायला. बोलली ते एवढंच:

“ती बाई रोज दिसायची मला. झाकन उघडं ठेवा म्हनायची, वास जाऊ द्या म्हनायची, रडायची. तुमी रागवाल म्हून म्या बोलले न्हाई.”

मार्गशीर्ष वद्य ४

नाव दुरुस्त झाली. नव्या फळ्या, नवं झाकण. दहा डबे आले. किशनराव घरी जा म्हणतात. माझ्यापुढं उभे राहून रडले. मी नाही जाणार. घर इथं आहे.

त्यांनी ओली म्हणून वाचलेली घोंगडी जाळायला सांगितली. मी लपवली.

मार्गशीर्ष वद्य ५

झाकण आता मी उघडंच ठेवतो. वारा खेळतो. कुणी येत नाही.

बरोबर आहे. उघडं असल्यावर ती कशाला येईल?

मार्गशीर्ष वद्य ६

झाकण लावलं. घोंगडी भिजवली, कडा दाबल्या.

मार्गशीर्ष वद्य ७

उघडं. फळीवर ओला हात उमटलाय. धुरपताचा नव्हे. माझ्या बायनाचा. जो हात मी झिडकारला तो मला ओळखू येणार नाही का. ठशावर गाल ठेवून पडून राहिलो. ऊन आलं, वाळून गेला.

लगेच पुन्हा लावलं.

मार्गशीर्ष वद्य ८

मुंजाजी बोचकं घेऊन नावेवरून उतरला. हात जोडून म्हणाला, तिला सुटू द्या. लावायचं, तिनं उघडायचं, पुन्हा लावायचं. तिला किती कष्ट. कळतं मला. पण ती येते —

चारदा आली. दिसत नाही. नुसता हात.

मार्गशीर्ष वद्य ९

आज उघडू द्यायचंच नाही. घोंगडी चौपदरी करून झाकणावर स्वतः बसलोय. सकाळपासून. मी वर असल्यावर ती जाणार कुठं.

दुपार. फळी हलायलीय. खालून. माझ्या मांडीखाली तिचे दोन्ही हात. एवढं जवळ ती कधी —

बायना, मी रागावत नाही. बोल. काय बोलायचं ते बोल, दिवसभर बोल.

ढकलायलीय. जोरात. वास यायलाय, डोळे झोंबतात.

दिवस बुडाला. अक्षर दिसंना. काडी खिशात आहे, कंदील लावतो म्हणजे तुझ्याशी —

आता किती धडपडायलीय. उठा म्हणायलीय, ऐकू येतं मला, उठा, उठा. पण उठलो की तू जाशील बायना, म्हणून मी बसूनच काडी ओढ