बारासिंग्यांचा चौदा नंबर

१० जानेवारी, शनिवार

हरलो! बावीस पॉइंटनी. चौदा सामने, तेरा पराभव. आता तर स्कोअरबोर्डवाल्यालाही आमची दया येते.

अवध बारासिंगे, आमची लखनौची बास्केटबॉल टीम – काय नाव, काय रुबाब! आणि सरासरी वय एकवीस. जुने नावाजलेले खेळाडू मालकांनी सोडून दिले आणि म्हणाले, "नई टीम बना रहे हैं, तीन साल दीजिए." दिले बाबा. त्यातलं हे दुसरं चाललंय. माझं तिकीट अख्ख्या सीझनचं, सी ब्लॉक, पहिली रांग. आज हॉलमध्ये ऐंशी माणसं असतील, त्यातले बारा सिक्युरिटीवाले.

मी ओरडते. कबूल. आणि मराठीत ओरडते, कारण लखनौत कुणाला कळतंय! दिवसभर बँकेत "जी सर, बिल्कुल सर" करून जीभ आखडते, ती इथे मोकळी सोडते. आजचा मान चौदा नंबरचा. ऋषभ दुबे, वीस वर्षांचा, ताडमाड उंच, राहणार जबलपूर. समोरचा त्याच्या डोक्यावरून बॉल टाकतोय आणि हा आपला उभा! "अरे शुंभा, हात घरी विसरून आलास का?"

शेजारचे रिझवी साहेब, रिटायर्ड प्रोफेसर, थर्मासमधला चहा मला देतात आणि दर वेळी विचारतात, "मोहतरमा, क्या फ़रमाया?"

"हौसला बढ़ा रही हूँ," मी म्हणते.

"बड़ी मीठी ज़बान है!"

शर्वरी समोशांसाठी येते आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसते. "मम्मी प्लीज़, धीरे!" पोटची पोर, सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. मी सांगून सांगून दमले.

११ जानेवारी

पोहे खाता खाता सुधीर म्हणाला, "हरणाऱ्यांच्या मागे काय लागतेस गं? एखादी जिंकणारी टीम बघ की." मानक नगरला त्याच्या ऑफिसात रेल्वेच्या स्प्रिंगा तुटेपर्यंत दाबून बघतात. माझ्याकडेही नवरा तसाच बघतो – ही कधी तुटते!

काय सांगू त्याला? कराडला कॉलेजच्या टीममध्ये मीही होते. तीन वर्षं हरलो. बघायला चिटपाखरू यायचं नाही. शेवटी शेवटी तर आम्हीच एकमेकींसाठी टाळ्या वाजवायचो, आणि त्याही ओशाळून. तेव्हा कुणी एक जरी बाई येऊन नुसती ओरडली असती ना, मला फार बरं वाटलं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

झालं ते नीट लिहून काढते.

शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटने मागे. चौदा नंबरला दोन फ्री थ्रो – एक गेला तरी बरोबरी! पहिला साधा रिंगलासुद्धा लागला नाही. मी उठलेच. अख्खा हॉल शांत, आणि मी – "कोपर बाहेर, लक्ष बाहेर! मेल्या, जमत नसेल तर घरी जा! आईच्या पदराखाली बस!"

त्याने मान वळवली. सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाला –

"बरं, काकू."

मराठी! स्वच्छ मराठी!

मी मटकन खाली बसले. दुसराही चुकला. हरलो. शर्वरीने येऊन माझी बाही ओढली, "मम्मी! उसको समझ आता है!" तिचा चेहरा पांढराफटक. रिझवी साहेबांनी थर्मास पिशवीत भरला.

दोन सीझन! दोन सीझन ते पोर सगळं ऐकत होतं. शुंभ. मेल्या. बॉल नाकावर बसून रक्त आलं होतं, त्या दिवशीही मी "डोळे उघडे ठेव की" म्हणाले होते. देवा! मी काय बाई आहे!

१८ जानेवारी

पोहे केले, माझे तसेच राहिले.

२४ जानेवारी, शनिवार

चौदा नंबर बेंचवर नाही. माइकवरून सांगितलं, "ऋषभ दुबे निजी कारणों से घर गए हैं."

घरी! मी म्हणाले घरी जा, आणि पोर गेलं!

आज तोंड उघडलं नाही. रिझवी साहेब हळूच म्हणाले, "आज हौसला नहीं बढ़ाइएगा?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वीस वर्षांचा मुलगा, परक्या गावात रोज हरतोय, आणि त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारी एकच बाई काय बोलते, तर हे. सामना किती पॉइंटनी हरलो, तेही बघितलं नाही.

२६ जानेवारी

ब्रँचमध्ये झेंडावंदन. लाडू पर्समध्ये तसाच घरी आला.

शर्वरीला म्हटलं, इन्स्टावर त्याला लिही, काकू माफी मागतायत. तर म्हणते, "आपने बोला था, आप ही लिखिए." बरोबर आहे तिचं. खातं मात्र तिनेच उघडून दिलं, आणि मी टाइप करत होते तोवर शेजारी बसून राहिली. लिहिलं – "बाळा, फार चुकले. परत ये. सी ब्लॉकमधली काकू."

२९ जानेवारी

मेसेज त्याने अजून उघडलेला नाही. आज नऊ वेळा बघितलं. एकदा तर समोर कस्टमर बसलेला असताना.

३१ जानेवारी, शनिवार

आला! आला, आला, आला!

वॉर्मअपमध्ये ते सगळ्यांच्या वर निघणारं डोकं दिसलं आणि मी दोन्ही हात हलवायला लागले. रिझवी साहेबांनी चहा पुढे केला, निम्मा माझ्या साडीवर सांडला. सांडू दे! सामना पंधराने हरलो. हरू दे!

डबा बरोबर नेला होता – असलाच तर असावा म्हणून. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. खेळ संपल्यावर रेलिंगपाशी गाठला त्याला. डबा पुढे केला. तोच म्हणाला, "काकू, तुमचा मेसेज आत्ता बघितला. फोन आईने काढून घेतला होता. बी.ए.चा राहिलेला पेपर होता ना."

"म्हणजे... माझ्यामुळे नाही गेलास?"

"तुमच्यामुळे कशाला? माझं तिकीट तर महिनाभर आधीच काढलेलं!"

मी तिथल्या तिथे पायरीवर बसले. हुश्श! चौदा दिवस छातीवर दगड घेऊन फिरत होते, तो गेला. हसायला लागले ते थांबेना.

आई अमरावतीची त्याची. घरात मायलेक मराठीच बोलतात. उभ्या उभ्या तीन धपाटे खाऊन म्हणतो, "आई दर सामन्यानंतर फोनवर पहिलं हेच विचारते – आज काकू काय म्हणाल्या? शुंभ तर तिला इतका आवडला!"

"अरे, पण तुला वाईट नाही वाटलं?"

"पदराचं वाटलं थोडं," म्हणाला. "पण कोपराचं बरोबर होतं. फ्री थ्रोच्या आधी तेवढं ओरडत जा. माझ्या लक्षातच राहत नाही."

पदराचं वाटलं. वाटणारच. ते मी परत कुणालाही म्हणणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

"कोपर!" – आत. "कोपर!" – आत. दहातले नऊ! आणि जिंकलो!! सीझनमधला दुसरा विजय. रिझवी साहेब खुर्चीवर चढले, सिक्युरिटीवाल्याने त्यांना हात देऊन उतरवलं.

शर्वरी आज एक खुर्ची अलीकडे सरकून बसली. का, तर "यहाँ से अच्छा दिखता है." मी समोशांची प्लेट तिच्याकडे सरकवली.

१२ फेब्रुवारी

घसा गेला. ठार. डॉक्टर म्हणतात दहा दिवस कुजबुजायचंही नाही. सुधीर म्हणाला, "घरात किती शांत वाटतंय!" त्याला वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं – शनिवारी सीझनचा शेवटचा सामना. मी जाणारच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चार सेकंद. एका पॉइंटने मागे. चौदा नंबर, दोन फ्री थ्रो.

त्याने बॉल दोनदा आपटला आणि थांबला. सी ब्लॉककडे बघायला लागला. मी तोंड उघडलं – नुसती हवा. गळ्याकडे बोट दाखवलं, त्याला कळेना. अख्खा हॉल थांबलेला.

आणि माझ्या शेजारी, एकही खुर्ची न सोडता बसलेली शर्वरी ताडकन उठली.

"अरे शुंभा, कोपर आत घे ना!"

रिझवी साहेब वाकून म्हणाले, "बेटा, क्या फ़रमाया?"

"हौसला बढ़ाया, अंकल."

पहिला आत. दुसराही आत गेला म्हणे. मी शर्वरीकडे बघत होते.