खाकी कागदावरचं ‘जवळ’

आई, मी तुझ्याएवढी झाले, मग तुझ्याहून म्हातारीही झाले, तरी तुझी ती कविता काही डोक्यातून जात नाही. साठ साल नुकतंच उलटलेलं, बाबांच्या बदलीमुळे आपण जयपूरला, बनी पार्कात. बाहेर लूच्या झळा, आणि तू स्वयंपाकघरात पंखा बंद करून बसलेली. का, तर पेपरातून कापलेली अक्षरं उडतात! आम्ही घामाने निथळतोय आणि तू मैद्याच्या खळीत बोट बुडवून एकेक अक्षर चिकटवून बघते आहेस. ज आणि व तुला तिथल्या हिंदी पेपरात हवे तेवढे मिळायचे. ळ मात्र हिंदीत नाही. तो तू पुण्याहून टपालाने येणाऱ्या साप्ताहिकातून कापायचीस. बाबा वैतागायचे, “अगं, हा पेपर आहे की चाळणी?” तू मान वर न करता म्हणायचीस, “उरलेलं वाचा की. भोकात काय होतं ते मला विचारा.”

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत प्रदर्शन होतं. तू भिंतभर लांब खाकी कागद नेलास. एका टोकाला ‘जव’, मधे सगळा कोरा कागद, आणि पार दुसऱ्या टोकाला एकटा ‘ळ’. मंडळींनी तो क्रोशाच्या तोरणांशेजारी लावला, हस्तकला म्हणून! कॉलेजात शिकवणारे एक काका हसत म्हणाले, “वहिनी, मधेच खळ संपली वाटतं?” तुझा चेहरा खर्रकन उतरला. “कविता आहे ती,” तू म्हणालीस. “मग वाचून दाखवा ना!” तू मला पुढे केलंस. मी हिंदी शाळेतली. ‘जव’ म्हणून थांबले. “मतलब, झाली?” काकांनी विचारलं. “चालत वाच गं,” तू म्हणालीस. मी श्वास धरून कागदाच्या कडेकडेने निघाले. केवढं लांब वाटलं ते! टोकाशी पोचले आणि म्हणाले, “ल.” माझी जीभ वळायचीच नाही. सगळे खो-खो हसले. “जवल! वहिनी, पोरगी तर पार जयपुरी झाली!” तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. मला पोटाशी ओढलंस आणि त्यांना म्हणालीस, “झाली वाचून. अशीच आहे ती.”

‘ती’ म्हणजे मी की कविता, हे विचारायचं राहूनच गेलं. साताऱ्याचं तुझं माहेर आधीच इतकं लांब, आणि तिथला शब्द आपल्या पोरीच्या जिभेवरही धड पोचत नाही, हे त्या क्षणी तुला केवढं लागलं असेल गं! तुझ्या जागी मी असते तर तिथेच रडले असते.

आता मी पुण्यात असते. ळ चांगला खणखणीत उच्चारते, भाजीवालीलाही शंका येत नाही. हे पत्र टाकू तरी कुठे? राहू दे इथेच. फक्त एक सांगते, कुणाला बोलू नकोस. घरात एकटी असले की मी तो शब्द अजून ‘जवल’ असाच म्हणते. मुद्दाम.