तांदळाच्या डब्यातला निकाहनामा

८ फेब्रुवारी २००९

इद्रीस गेला! सकाळच्या विमानाने इराणच्या त्या बेटावर, किशला. नवा व्हिसा येईपर्यंत तिथेच. कंपनीने त्याला काढलं, त्याचा व्हिसा गेला, आणि बायको म्हणून माझाही. 'दस दिन, भाभी, इन्शाल्ला' — एजंट. इद्रीसने वळूनही पाहिलं नाही. बरं झालं. मी रडत होते.

११ फेब्रुवारी

मी सबटायटलचं काम करते, त्या स्टुडिओचा व्हिसा मला मिळतोय. पण एजंट म्हणतो, विवाहित लिहिलं तर नवऱ्याचं संमतिपत्र हवं. आणि नवऱ्याचाच व्हिसा नाही. 'सिंगल लिखो. खलास.' अडला हरी! लिहिलं — अविवाहित. एका दमात लिहून टाकलं, याचाच राग येतोय.

अल नहदाचा फ्लॅट सोडला. आता शहराच्या जुन्या भागात, देऱ्यात, सहा बायकांच्या खोलीत एक पलंग. निकाहनामा तांदळाच्या डब्यात लपवलाय.

२ मार्च

नवा सिनेमा आलाय, पॅलेस्टाइनचा. स्टुडिओतल्या रशीदा मॅडम तिथल्याच. त्या अरबी संवाद मोडक्या हिंदीत सांगतात, मी सबटायटल टाइप करते. नवरा एका गावात, बायको दुसऱ्यात. मध्ये नाका, सैनिक. त्याला परवाना नाही. ती दर आठवड्याला लग्नाचा कागद घेऊन नाक्यावर जाते. सैनिक बघतही नाही. ती पुन्हा पुढे करते.

मी म्हटलं, 'मॅडम, हमारा भी ऐसा ही है.' भडकल्याच! 'कैसे ऐसा? तुमको कौन बंदूक दिखाया? तुम्हारा घर है. यल्ला, चलो, टिकट लो, जाओ दोनों!'

खरंय. खेडला घर आहे. पण इद्रीसला हात हलवत परतायचं नाही. आणि मला त्याच्याशिवाय.

१९ मार्च

दहा दिवसांचे चाळीस झाले. फोन नाही.

२६ मार्च

सिनेमा संपला. शेवटी सैनिक तो कागद वाचतो आणि परत देतो. नाका बंदच. ती म्हणते, 'वाचलंस ना? मग आता तुला ठाऊक आहे, मी कोण.' ही ओळ तीनदा टाइप केली. डोळ्यांना दिसेचना.

१ एप्रिल

व्हिसा आला! इद्रीस आला! निकाहनामा झटकून पर्समध्ये ठेवला. फॉर्म दुरुस्त करून घेऊ, मग काय व्हायचं ते होवो.

३ एप्रिल, शुक्रवार

खाडीकाठच्या बाकावर भेटलो. केवढा वाळलाय! नव्या कंपनीच्या कामगार-कॅम्पमध्ये राहतो, तिथे बायकांना मनाई. मी कागद काढला. त्याने तो माझ्या पर्समध्ये परत ढकलला. त्यानेही अविवाहितच लिहिलंय! कंपनीला बॅचलरच हवे होते. 'कळलं तर नोकरी जाईल, हुमेरा.'

दोघंही हसलो.

सिनेमातल्या त्या दोघांना निदान नवरा-बायको म्हणून तरी अडवत होते.

१० एप्रिल, शुक्रवार

त्याच बाकावर पोलिसाने हटकलं; लग्नाशिवाय जोडीने बसलेलं इथे चालत नाही. ही कोण? माझा हात पर्समध्ये, कागदावरच होता. इद्रीस म्हणाला, 'माय सिस्टर, सर.'

मी मान डोलावली.