धड माझं, पडदे बबनचे

१३ सप्टें., शनि.
घट बसायच्या आत घर काढायचं म्हणून सुमनने सकाळीच माळा रिकामा करायला घेतला. तुटका कूलर, दोन गाद्या, आणि माझं खोकं. रणगाड्याचं. बारा वर्षांनी खाली आलं.

सुतळीला मी मारलेली गाठ नाही. मी कंपनीत पेटीला मारतो ती दुहेरी गाठ मारली होती. आता साधी सुरगाठ आहे. म्हणजे मधे कोणीतरी उघडलंय.

"कोण उघडणार तुमचं ते?" सु. म्हणाली. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

आतलं सगळं मोजून घेतलं. धड, टरेट म्हणजे वरचं फिरतं डोकं, तोफेची नळी, चाकं चोवीस. चाकांवर बाजूने लावायचे दोन पडदे, तेव्हा कंपनीत सोबत असलेल्या बबनने केलेले. कमी काही नाही. उलट जास्त आहे: चार डांबरगोळ्या. मी ठेवल्या नव्हत्या.

१४ सप्टें., रवि.
सुट्टी. रणगाडा टेबलावर मांडला. विजयंता, पस्तिसाव्या हिश्श्याचा. किट नाही, प्लास्टिकच्या शीटमधून कापून हाताने केलेला. आपल्या चौकात चौथऱ्यावर जो उभा आहे, तोच. दोन रविवार आम्ही दोघांनी त्याची मापं घेतली होती. बबन टेप धरून आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचो. मग वाटणी. धड माझं. टरेट आणि पडदे त्याचे.

पडदे आज पुन्हा लावून बघितले. तसेच. धडाच्या पुढे तीन मिलिमीटर निघतात. बारा वर्षांत प्लास्टिक काही आखडलेलं नाही.

तेव्हा जे वाटलं होतं तेच आजही वाटलं. हा माणूस लेथवर केसाएवढा फरक पडू देत नव्हता. त्याचे तीन मिलिमीटर चुकून होत नाहीत.

१६ सप्टें., मंगळ.
सु. आंघोळीला. तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव: काष्टी. नुसतं काष्टी. आमचं काष्टीला कोण आहे? एकच माणूस. आमच्या सुप्याच्या कंपनीतली नोकरी सोडून तिकडे लेथ टाकून बसलेला.

मी उचलला नाही. ती बाहेर आल्यावर विचारलं. आधी म्हणाली गॅसवाल्याचा असेल. मग पदराला हात पुसत म्हणाली, "वहिनींचा नंबर आहे. बबनभाऊजींच्या बायकोचा. बोलतो आम्ही अधूनमधून."

अधूनमधून म्हणजे कधीपासून?

"पहिल्यापासून. भांडण तुमचं होतं. आम्ही कुठे भांडलो होतो?"

आणखी निघालं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला ही गेली होती. मला सांगितलं होतं की नेवाशाला बहिणीकडे जाते. वर गाठ हिची. डांबरगोळ्याही हिच्याच, दर वर्षी बदलते म्हणे. "कसर लागली असती. मग माझ्यावरच संशय घेतला असता."

जेवलो नाही. घरातल्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, मी एकटाच बाहेर.

१७ सप्टें., बुध.
कंपनीच्या बसमध्ये डोक्यात तेच. खरं तर काय बोललो होतो ते इथे एकदा लिहूनच ठेवतो, नाहीतर मनातल्या मनात मी ते सौम्य करत जातो.

मला तपासणी विभागात घेऊन तीन आठवडे झाले होते. बबन लेथवरच राहिला. दोघांचा अर्ज होता. त्याच आठवड्यात पडदे जुळेनात. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये, सगळ्या शिफ्टसमोर मी म्हणालो, "बबन्या, मी इन्स्पेक्टर झालो ते तुला बघवत नाही. मुद्दाम खोटी मापं दिलीस."

त्याने ताट धुऊन जागेवर ठेवलं. महिन्याने राजीनामा. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. तीन-चार जणांनी मान डोलावली होती. आता वाटतं, ती मी इन्स्पेक्टर म्हणून डोलावली असेल.

१९ सप्टें., शुक्र.
पहाटे फिरायला म्हणून निघालो आणि चौकात गेलो. आता चौथऱ्याला कठडा आहे, पण मागच्या आणि बाजूच्या अंगाने हात पोचतो. टेप नेला नाही. माझी वीत बावीस सेंटिमीटर, ती टेपपेक्षा बरी. रुंदी चौदा वीत आणि चार बोटं. म्हणजे तीन मीटर सतरा. वहीत तीन मीटर सात.

लांबीत पण तसंच. जे जे टेपने घेतलं होतं ते सगळं वहीत दहा सेंटिमीटरने कमी. नऊ नाही, अकरा नाही. दहा. पस्तिसाने भागले की तेच तीन मिलिमीटर.

एक होमगार्ड मागे येऊन उभा. "काका, काय हुडकताय?" मी म्हटलं, काही नाही, बघतोय. "हात लावून बघताय व्हय?" मी चौकाच्या कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर तो माझ्याकडे बघत होता. संशयी माणूस.

दहाच का? मुद्दाम चुकवणारा माणूस सगळीकडे सारखं चुकवील का? की तेही मुद्दामच, म्हणजे पकडला जाऊ नये म्हणून?

२० सप्टें., शनि.
दहाचं कळलं.

सुप्यात नवीन शेडचं पत्र्याचं काम चालू आहे. ठेकेदाराचा फिटर एकटाच माप घेत होता. मी जाताजाता थांबलो. तो म्हणाला, "सायेब, जरा त्या टोकाला धरा. टेपचं नाक तुटलंय, धावर धरा. वजा मी करतू. तुमी करू नगा, न्हाईतर दोनदा व्हतंय."

धरलं. त्याने आकडा म्हटला, मी ऐकलाच नाही.

त्या टेपचंही नाक तुटलेलं होतं. टेप माझा होता. म्हणून बबन शून्य सोडून दहाच्या खुणेवर धरायचा आणि दहा वजा करून मला आकडा सांगायचा. सगळे फिटर तसंच करतात. आणि मी? मी प्रत्येक आकड्यातून पुन्हा दहा वजा करून वहीत लिहिलं. त्याला न सांगता. कारण मला वाटलं होतं, हा वजा करायचं विसरेल.

त्याच्यावर भरवसा नव्हता म्हणून चूक झाली. आणि चूक झाली म्हणून भरवसा नाही असं मी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याने पडदे माझ्या वहीवरून केलेच नव्हते. विडीच्या पुडक्याच्या कागदावर तो आपले आकडे वेगळे टिपायचा. त्याचे बरोबर. माझं धड आखूड.

२१ सप्टें., रवि.
दिवसभर घरी. धडाकडे बघवत नाही.

आणि तरी मनात येतंच: त्याला कळलं नसेल? त्याच्यासारख्या माणसाला? मग गप्प का बसला? मला खोटं पाडायला बारा वर्षं हातात हुकमाचं पान धरून बसला होता का?

सु.ला सगळं सांगितलं. ती गव्हाची परात पुढ्यात घेऊन बसली होती, उद्याच्या घटांसाठी धान्य निवडत. निवडत निवडतच म्हणाली, "मग जा आणि सांगा." मी म्हटलं, त्याला आधीपासून ठाऊक असेल तर? ती म्हणाली, "तर मग तुम्ही सांगायचंच तेवढं राहिलंय."

२४ सप्टें., बुध.
गेलो नाही. कामाचा लोड. (लोड नव्हता.)

सु.ने काष्टीला फोन लावून मी येणार असल्याचं सांगून टाकलं. मला न विचारता. चिडलो. मग बरं वाटलं.

२८ सप्टें., रवि.
दौंडच्या एस.टी.ने काष्टी. खोकं मांडीवर. भाषण तयार केलं होतं, श्रीगोंदा फाट्यापर्यंत पाठही होतं.

रस्त्यालाच पत्र्याची शेड. बबन पंपाचा शाफ्ट लावून लेथवर उभा. केस पूर्ण पांढरे. मला बघितलं, लेथ चालूच ठेवलं.

"या सायेब. तपासायला आलाव?"

खोकं बाकावर ठेवलं. भाषण गेलं. "दहा दोनदा वजा झाले," एवढंच निघालं. "माझ्याकडून."

त्याने लेथ बंद केलं. हात पुसले. "आत्ता कळलं व्हय?"

"तुला कधी कळलं?"

"त्याच हप्त्यात. तुज्या वहीत डोकावलो हुतो. दर वळीला धाचा फरक."

"मग बोलायचं ना, बबन!"

"तू इचारलंस कुठं? तू तर क्यांटीनमधी सांगून मोकळा झालास."

मी म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "कशात चुकलास? वजाबाकीत?"

हे विचारायला नको होतं असं वाटलं. पण त्याने नजर काढली नाही. मग म्हणालो. तुझ्यावर भरवसा ठेवला नाही, त्यात. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, दारात लोक ट्रॅक्टरच्या पिना घ्यायला उभे.

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, बारा वर्सं लावलीत," म्हणाल्या, आणि कप माझ्या हातात देऊन तिथेच उभ्या राहिल्या, मी पिईपर्यंत.

चहा झाल्यावर बबनने खोकं उघडलं. धड उलटंपालटं करून बघितलं. मी म्हटलं, तीन मिलिमीटरचा तुकडा जोडू, वरून पुटी मारू. "तुकडा जोडून भागायचं न्हाई. धड मोडावं लागंल. पयल्यापासनं." पुढच्या रविवारी नगरला येतो म्हणाला. पण एक अट.

"आकडं मी सांगीन, तू कापायचं. मोजून बघायचं न्हाई."

हो म्हणालो. परत येताना खोकं हलकं लागत होतं, म्हणजे लागायला हवं होतं. पण नगर येईस्तोवर मी विचार करत होतो की अशी अट का घातली असेल.

१ ऑक्टो., बुध.
बबनचा फोन. नमस्कार वगैरे काही नाही. "मागल्या जाळीची लांबी पंचेचाळीस मिलिमीटर. तेवढी पट्टी कापून ठिव. मी आल्यावर लावू." ठेवला.

वहीत ही जाळी नाहीच. ते माप घेताना पाऊस आला होता, मी वही सदऱ्यात धरून झाडाखाली पळालो होतो. तो मात्र भिजत माप घेत राहिला. म्हणजे हा आकडा फक्त त्याच्या कागदावर आहे. माझ्याकडे पडताळायला काही नाही.

पंचेचाळीस. जास्त वाटतात. इंजिनावरची जाळी इतकी लांब?

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. पट्टी कापायला बसलो. सरळपट्टी ठेवली, खूण केली, ब्लेड उचललं. ठेवलं.

बारा वर्षांचं उट्टं काढायचं असेल तर यापेक्षा सोपी जागा कुठली? एक आकडा चुकीचा सांगायचा आणि मोजायचं नाही अशी शपथ घालायची. मग रविवारी येऊन हसायचं. मी त्याच्या जागी असतो तर केलं असतं.

लिहिलं आणि वाचलं. मी त्याच्या जागी असतो तर. तो माझ्यासारखा कधीच नव्हता, एवढंही मला कळू नये.

सु. विचारत होती रविवारी जेवायला काय करू. म्हटलं, त्याला शेंगोळे आवडायचे. "आवडायचे नाही, आवडतात," ती म्हणाली. हिला सगळं ठाऊक असतं.

४ ऑक्टो., शनि.
मोजलं.

पहाटे चप्पल घालून निघालो तेव्हा खरंच फिरायलाच निघालो होतो. मग चौक आला. कठड्याच्या मागून हात घातला. लोखंड गार आणि ओलं. सात वीत आणि दोन बोटं. तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला.

पंचेचाळीस.

बरोबर निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चुकीचं निघालं असतं तर निदान मी बरोबर ठरलो असतो. हे काय मन आहे माझं.

घरी येऊन पट्टी कापली. एका फटक्यात, सरळ. सु.ने चहा पुढे ठेवला. तळहाताला गंज लागला होता, तिने बघितला.

बबन उद्या सकाळच्या गाडीने येतोय. आल्या आल्या पट्टी हातात घेईल आणि विचारील, "मोजलंस का?" दुसरं काही विचारणारच नाही. हो म्हणालो तर चहासुद्धा न घेता परत जाईल, आणि या वेळी कायमचा. सकाळपासून दोन्ही उत्तरं म्हणून बघतोय.

नाही म्हणालो तर तो विश्वास ठेवील.