चौकटीच्या डाव्या पायाची तजवीज

मी, अर्जुनराव तुळशीराम खर्चे, वय वर्षे त्र्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि स्वतः बनवलेल्या टेबलावर लिहीत आहे. टेबल डुगडुगते; डोके अजून डुगडुगत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, माझी पत्नी सौ. पुष्पाबाई, आणि ती आत तूर पाखडत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. राहते घर, मागची मोकळी जागा, अडीच एकर शेत आणि पोस्टातली ठेव हे सर्व माझ्यामागे पुष्पाबाईचे. तिच्यानंतर शेत व ठेव मुलगा हर्षल आणि मुलगी छाया यांना निम्मे निम्मे. घर हर्षलला, पण त्याने कलम ४ आईच्या हयातीत पाळले असेल तरच. कलम ४ कडे आत्ताच उडी मारू नये. वाचायला बसलाच आहात तर क्रमाने वाचा.

२. माझी हत्यारे, म्हणजे करवत, चांगला रंधा, चार पटाश्या, गुण्या आणि गिरमिट, छायाला द्यावीत. हर्षलने रुसू नये. सहावीत असताना त्याने खिळा ठोकायला घेतला आणि माझा अंगठा ठोकला. छायाला मात्र फळी नुसती पाहून कळायचे, "बाबा, हे वाकडं हाये." ती आता हिवरा आश्रमला नांदते. बाईच्या हातात रंधा कशाला, असे सासरी कोणी म्हटलेच, तर त्याला छायाने केलेल्या पाटावरच जेवायला बसवावे.

३. शेजारी भगवानराव इंगळे यांनी २००९ च्या पावसाळ्यात फुगलेले दार तासायला माझा दुसरा रंधा नेला आणि दारातला खिळा न काढता त्यावरून फिरवला. पात्याला खाच पडली. तेव्हापासून त्या रंध्याने तासलेल्या प्रत्येक फळीच्या मधोमध एक रेघ उठते. हा रंधा मी भगवानरावांना देत आहे. साक्षीदार म्हणून सही करताना त्यांना हे वाचावे लागेल, म्हणूनच त्यांना साक्षीदार केले आहे.

४. आता चौकट. समोरच्या दाराची चौकट सागाची, वडिलांनी बसवलेली. पुष्पाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी उंबरठा पाण्याने धुते, मग हळदी-कुंकू वाहते. ते पाणी उताराने डावीकडे जाते आणि चौकटीच्या डाव्या पायात मुरते. १९९४ साली हा पाय वीतभर सडलेला सापडला. मी शहाणपणा केला. सडके तसेच ठेवून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ऑइलपेंट मारला. रंगाखाली लाकूड आणखी सडले. सहा महिन्यांनी पटाशी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. चूक माझी होती, म्हणून राग तिच्यावर काढला.

"तुह्या पाण्यानंच खाल्लं हे लाकूड!"

ती "बरं" म्हणाली. पुढे अकरा दिवस उंबरठा कोरडा. ना पाणी, ना कुंकू. जेवण वेळेवर मिळे, बोलणेही होई, पण संध्याकाळी पोस्टातून आलो की परक्या घरात शिरल्यासारखे वाटे. बाराव्या दिवशी मीच तांब्या घेतला आणि उंबरठ्यावर ओतला.

"काऊन, आता नाही सडत का?" तिने विचारले.

"उधई होती वं. तुह्या पाण्यानं नाही झालं ते." मी सगळे वाळवीवर ढकलले.

तेव्हापासून दर चार-पाच वर्षांनी मी तो पाय चोरून दुरुस्त करतो. टणक लाकूड लागेपर्यंत सडके कापून काढायचे, तिरका सांधा घेऊन सागाचा नवा तुकडा बसवायचा, दोन लाकडी खुंट्या मारायच्या, जवसाचे तेल पाजायचे आणि जुन्याला जुळेल असा रंग द्यायचा. याला चार दिवस लागतात. नशीब असे की पाय मऊ पडला की त्याच मे महिन्यात पुष्पाबाईला माहेर आठवते आणि ती चार दिवस संग्रामपूरला जाते. आजवर सात वेळा झाले. तिला पत्ता नाही.

हर्षल पुण्याहून आला की म्हणतो, "बाबा, ग्रॅनाइटची चौकट बसवा, नाहीतर आईला पाणी टाकू नको म्हणून सांगा." माझ्यामागे यातले काहीही करायचे नाही. लाकूड बदलता येते. मी नसताना त्या बाईचा उंबरठा कोरडा पडेल, याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते. तुकडा छायाने बसवावा, हर्षलने आईला तेवढे चार दिवस कुठेतरी न्यावे, आणि उधईची गोष्ट दोघांनी चालू ठेवावी. सागाचे सहा तुकडे माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवले आहेत.

५. मी केलेले स्टूल हर्षलला. एक पाय आखूड झाला म्हणून मी बाकीचे तीन कापत गेलो, आणि आता ते पाटाएवढे उरले आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा अडणार नाही.

दुरुस्ती, सहीपूर्वी: वरचा मजकूर लिहून पाणी प्यायला उठलो. परत आलो तर पुष्पाबाई चष्मा लावून टेबलापाशी उभी. सगळे वाचून झाले होते.

"उधई काय डाव्याच पायाले लागते?" ती म्हणाली.

मी कागद उलटा घातला.

"माय मरून बारा वर्सं झाली. संग्रामपूरले कोन हाये माह्यं? भावजयीचं तोंड पाहाले जात होती का मी? बोटानं दाबून पाहो, लाकूड नरम लागलं का पिशवी भरो. तुमाले सवड भेटाव म्हून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी इतकं मन लावून लपवत होते."

सबब कलम ४ मधला लपवाछपवीचा भाग रद्द करीत आहे. पाण्याचा आणि लाकडाचा भाग कायम. डावा पाय सध्या पुन्हा मऊ आहे. येत्या मे महिन्यात मी तुकडा बसवीन तेव्हा पुष्पाबाई संग्रामपूरला जाणार नाही. समोर त्या स्टुलावर बसून पाहणार आहे. त्यानंतर हे मृत्युपत्र अमलात यायला कितीही उशीर झाला तरी माझी हरकत नाही.

सही: अर्जुनराव तुळशीराम खर्चे

साक्षीदार १: गणेश उबरहंडे, आरा मशीनवाले. अर्जुनरावांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: भगवानराव इंगळे, शेजारी. माझ्याहीसमोर केली. खिळा मला खरंच दिसला नव्हता.

ठिकाण: मोताळा, समोरच्या ओसरीत
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी, उंबरठा ओला असताना