मेंढरं जिकडे गेली नाहीत

३ जून, वडूज
पोचला! इंद्रजित मंगोलियात पोचला! आपली पलटण आणि त्यांची पलटण मिळून अतिरेक्यांशी लढायचा सराव करणार — पंधरा दिवस. 'हे शेवटचं बरं का,' असं मी बजावलंय. सतरा वर्षं झाली नोकरीला. दिवाळीला पेन्शन घेऊन घरी यायचं नवऱ्यानं कबूल केलंय. बघू!

६ जून
तिकडे थंडी आहे म्हणे. जूनमध्ये!

९ जून
व्हिडिओ कॉल. शेजारी त्यांचा सार्जंट, बायर. तोही मेंढपाळाचाच पोरगा! मागे माळावर मेंढरं. झालं — सासऱ्यांनी, आप्पासोंनी, मोबाइल माझ्या हातातून ओढलाच. "आरं, त्या म्होरच्या मेंढीचं त्वांड उघड म्हणावं, दात बघतो!" आणि स्वतःचे उरलेले दात बोटानं दाखवले. बायरनं मेंढी धरून बरोब्बर जबडा उघडला! आप्पासो खूश. "मानूस जानता हाय गं."

१३ जून
सरावात खोटे अतिरेकी डोंगरात लपवले होते. ड्रोन फिरलं, काही दिसेना. तेवढ्यात चरणारी मेंढरं एका घळीपाशी आली आणि आत गवत असूनही बाजूनं वळली. इंद्रजितनं आणि बायरनं एकदमच बोट केलं — तिकडे! सहाच्या सहा सापडले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही!

आप्पासोंना नवल नाहीच. "आत मानूस आसल्याबिगर मेंढरू हिरवं सोडतंय व्हय?" पण डोळे पुसले त्यांनी. मलाही फार अभिमान वाटला. इथे लिहिते, त्याला सांगणार नाही.

१६ जून
शाळा उघडली. मला चौथीचा वर्ग. पोरांना नकाशात मंगोलिया शोधायला लावलं. एक जण थेट आफ्रिकेत!

१७ जून
दोन्ही देश मिळून तिथं प्रशिक्षण केंद्र काढणार. शिकवायला बायर आणि इंद्रजित हवेत. दोन वर्षं! बायकोला नेता येतं म्हणे. इंद्रजित फोनवर म्हणाला, "तू न्हाई म्हण, दिवाळीला घरी येतो. शप्पत." मी फोनच ठेवला. लग्नाला सहा वर्षं झाली, सहाही वर्षं वाट बघितली — आणि आता ठरवायचं मीच?

जेवताना आप्पासो एवढंच म्हणाले, "माज्यापाशी धाकटा ल्योक अर्जुना हाय. माजं कारन सांगू नगंस."

१९ जून
शाळेत दोन वर्षांच्या रजेचा अर्ज दिला. कारण म्हणून आधी लिहिलं — 'दहशतवादविरोधी सहकार्य'. एकटीच हसले. मग खोडलं आणि खरं ते लिहिलं — नवऱ्याजवळ राहायचंय.